कॅमेरा रात्री आपोआप मान वळवतो, पासवर्ड बदलूनही पुन्हा तेच: कारण काय निघालं

तक्रार अशी आहे. घरात वायफायवर चालणारा, मान फिरवणारा कॅमेरा आहे, अडीच-तीन हजारांत मिळतो तो. कुणी हात न लावता, कुणी ॲप न उघडता तो रात्री फिरतो. पासवर्ड बदलला की आठ-पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आमच्याकडं हे सात महिने चाललं. त्यातले सहा महिने मी चुकीच्या जागी शोधत होतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आईवडील कराडला, मी ठाण्यात. तात्या अठ्ठ्याहत्तरचे. गेल्या वर्षी ते बाथरूमच्या उंबऱ्यात पडले, तेव्हा आई देवळात होती आणि अर्धा तास कुणाला पत्ता नव्हता. त्यानंतर मी हट्टानं हॉलमध्ये कॅमेरा बसवला. तात्यांचा पलंग हॉलमध्येच आहे. त्यांना तो पहिल्या दिवसापासून नको होता.

दोन महिन्यांनी आईचा फोन. "अरे, ह्यांना रात्री झोप नाही. तो कॅमेरा मान वळवून माझ्याकडं बघतो म्हणतात." मी हसण्यावारी नेलं. वय झालंय, भास होत असेल, असंही मनात आलं, आणि त्याची आता लाज वाटते. तात्यांनी वाद घातला नाही. रात्री झोपताना ते कॅमेऱ्यावर आपला पंचा टाकू लागले. सकाळी आई तो काढायची, कारण मला काही दिसलं नाही की मी फोन करायचो.

पुढं दिवाळीत घरी होतो आणि रात्री पावणेबाराला मी स्वतः पाहिलं. लाइट बंद, सगळे आडवे, माझा मोबाइल चार्जिंगला. पंच्याखाली काहीतरी हललं. पंचा अर्धा घसरला आणि कॅमेरा सावकाश, थांबत थांबत, तात्यांच्या पलंगाकडं वळला.

आधी निरुपद्रवी कारणं बाद करा

घाबरून लगेच 'हॅक झालं' म्हणू नका. फिरणारे कॅमेरे स्वतःहून फिरतात त्याची साधी कारणं तीनेक आहेत, आणि दहांतल्या बहुतेक तक्रारी इथंच मिटतात असं माझं मत आहे.

लाइट जाऊन आली की असा कॅमेरा चालू होताना एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गर्रकन फिरतो. आपली मान कुठपर्यंत जाते हे तो मोजून घेत असतो. राउटरचा अडॅप्टर सैल असेल किंवा मिनिटभर वीज गेली असेल तर झोपेतल्या माणसाला फक्त फिरणं दिसतं, वीज गेल्याचं कळत नाही. हे फिरणं सलग आणि वेगानं असतं, ते लक्षात ठेवा.

दुसरं, ॲपमधलं 'मोशन ट्रॅकिंग'. काही हललं की कॅमेरा त्याच्यामागं जातो. रात्री काय हलतं? पंख्यानं पडदा. आणि पाल. अंधारात बघायला कॅमेरा इन्फ्रारेड दिवे लावतो, त्यांच्या उजेडात त्याला भिंतीवरचे किडे दिसतात, किड्यांमागं पाल येते, पालीमागं कॅमेरा फिरतो. आमच्या मेमरी कार्डात पालीची एवढी फिल्म निघाली की पोरांनी तिचं नाव ठेवलं.

तात्यांची आणखी एक तक्रार होती: "रात्री त्याचे डोळे लाल होतात." तीही खरी निघाली. स्वस्त कॅमेऱ्यांत बहुधा ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे असतात, ते अंधारात मंद लाल दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत. आणि दिवेलागणीला आईला ऐकू येणारा 'टक्' असा आवाज म्हणजे लेन्ससमोरची इन्फ्रारेड अडवणारी काच बाजूला सरकल्याचा. या दोन्हींचा पाळतीशी काही संबंध नाही.

उरतं ते 'पेट्रोल' किंवा 'क्रूझ' नावाचं सेटिंग, ठरावीक वेळी ठरावीक जागा बघत फिरायचं. हे कधीकधी आधीपासून चालू असतं.

आता परीक्षा. ट्रॅकिंग बंद, क्रूझ बंद, क्लाउड रेकॉर्डिंग (चित्रण कंपनीच्या सर्व्हरवर साठवणं) घेतलं असेल तर तेही बंद. घरातल्या सगळ्यांनी ॲपमधून बाहेर पडायचं. कॅमेऱ्याची मान एका खुणेवर लावायची, आम्ही कॅलेंडरवरच्या गणपतीवर लावली होती. सकाळी बघायचं. रात्रीत वीज गेली नाही आणि तरी मान दुसरीकडं आहे, तर कुणीतरी ॲपमधले बाण दाबतंय. बाण दाबून फिरवलेला कॅमेरा थांबत थांबत फिरतो, हाही फरक आहेच.

शंका राहिली तर ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१). ज्या राउटरमध्ये प्रत्येक उपकरणाचा डेटा दिसतो, तिथं कॅमेऱ्याचा अपलोड बघा. कुणी बघत नसेल आणि क्लाउड बंद असेल तर तो नगण्य असतो. थेट चित्र जात असेल तर सेकंदाला एक मेगाबिट धरलं तरी तासाला साडेचारशे एमबी होतात. एवढा आकडा लपत नाही.

आमच्या गणपतीवरून मान हलली होती.

मी तीनदा केलेले आणि तीनदा फसलेले उपाय

पहिल्या वेळी ॲपचा पासवर्ड बदलला. बारा दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी वायफायचाच पासवर्ड बदलला. मग कॅमेरा बंद पडला, कारण त्याला नवा पासवर्ड माहीत नव्हता. मी तोवर ठाण्याला परतलेलो. आईनं कॅमेरा बसवणाऱ्या पोराला बोलावलं, तो येऊन पाच मिनिटांत जोडून गेला. पैसेही घेतले नाहीत. महिनाभरात पुन्हा सुरू. तिसऱ्या वेळी फोनवरून आईला सांगून रिसेट करायला लावला: खालच्या बारीक भोकात पिन घालायची, आवाज येईपर्यंत दाबून धरायची. आईनं ते बरोबर केलं. मग जोडायला पुन्हा तोच पोरगा.

वाचणाऱ्यांतल्या चाणाक्षांना कळलं असेल. मला कळायला तिसरी खेप लागली, तीही योगायोगानं. मी आईच्या मोबाइलवर ॲप उघडून 'सदस्य' असं लिहिलेल्या पानावर गेलो. तिथं आईच्या नावापुढं लिहिलं होतं, 'पाहुणा'. माझ्या नावापुढंही 'पाहुणा'. घर आमचं, कॅमेरा आमचा, पैसे माझे, आणि आम्ही दोघं पाहुणे. मालक म्हणून एक मोबाइल नंबर होता, शेवटचे चार आकडे दिसत होते. आईनं आपल्या वहीत नंबर शोधला. त्या पोराचा.

त्याला घरी बोलावलं. आईनं चहा ठेवला. तिच्या मते तो चांगला पोरगा, आणि माझंही तसं मत वाईट नाही. मी म्हटलं, जरा तुझा मोबाइल दाखव. त्यानं काहीही न लपवता ॲप उघडलं आणि वर सरकवत गेला. 'मेडिकल काउंटर'. 'डेअरी मागची बाजू'. 'वकील ऑफिस'. 'मॅडम घर'. 'काका बेडरूम'. मी मोजत होतो, चाळीसपर्यंत मोजले आणि थांबलो. मध्येच आला 'गुरुजी हॉल'. त्यानं सवयीनं त्यावर बोट ठेवलं आणि स्क्रीनवर आम्हीच आलो: तो, मी, चहाचा ट्रे घेऊन येणारी आई, आणि पलंगावरून थेट कॅमेऱ्याकडं बघणारे तात्या.

"सगळ्यांचं असंच ठेवतो साहेब. लोकांना जमत नाही, मग बंद पडलं की आम्हालाच फोन. इथूनच दुरुस्त करता येतं." रात्री पावणेबाराला काय दुरुस्त करत होतास, असं विचारलं. "हात लागला असेल. मोबाइल घरात कुणीपण घेतं." याच्यापुढं मी काही सिद्ध करू शकत नव्हतो आणि आजही करू शकत नाही.

गोष्ट एवढीच होती. पहिल्यांदा ज्या खात्यावर कॅमेरा जोडला जातो, ते खातं मालक. बाकीच्यांना तो 'शेअर' करतो. पाहुण्यानं स्वतःचा पासवर्ड कितीही बदलला तरी मालकाच्या खात्याला ओरखडा उठत नाही. रिसेटनंही बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत सर्व्हरवरची मालकी पुसली जात नाही, जुन्या मालकानं ॲपमधून काढल्याशिवाय नवा माणूस जोडूच शकत नाही. आणि जिथं पुसली जाते तिथं आम्ही दरवेळी त्यालाच बोलावून पुन्हा मालक करत होतो. परदेशातला कुणी हॅकर शोधण्याआधी खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा, माझा सगळा सल्ला या एका वाक्यात आहे.

मग काय केलं, कुठल्या क्रमानं

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सदस्यांच्या पानाचे आणि 'लॉगिन डिव्हाइस' असेल तर त्याचे स्क्रीनशॉट घेतले, तारीख-वेळ दिसेल असे. आधी रिसेट केला तर पुरावा गेला. मग मालकाला त्याच्या ॲपमधून, आपल्या समोर, कॅमेरा काढून टाकायला लावला. मगच पिन घालून रिसेट. मग माझ्या मोबाइलवर, माझ्या ईमेलवर जोडला, दुसऱ्या कुठंच न वापरलेला पासवर्ड दिला, ओटीपीची दुहेरी तपासणी चालू केली आणि आईला पाहुणी म्हणून घेतलं. ती म्हणाली, "पुन्हा पाहुणीच का?"

बसवणारा म्हणेल, साहेब वेळ लागेल, माझ्या फोनवर करतो, नंतर तुम्हाला देतो. नाही म्हणायचं. दहा मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

कॅमेऱ्याच्या बुडाशी स्टिकर असतो, त्यावर क्यूआर आणि कधी एक छोटा कोड. काही कंपन्यांत तोच कोड चित्र उघडायची किल्ली असतो. स्टिकरचा फोटो ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं ती किल्ली आहे. ॲपमध्ये तो कोड बदलता येत असेल तर बदला. तसंच 'ओएनव्हीआयएफ' किंवा 'आरटीएसपी' (ॲपशिवाय दुसऱ्या यंत्रावर चित्र बघायच्या सोयी) असं काही चालू असेल तर त्याचा पासवर्ड ॲपपेक्षा वेगळा असतो. वापरत नसाल तर बंदच करा.

मेमरी कार्ड लोक विसरतात. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यावरची फिल्म कुलूपबंद नसते, कुठल्याही लॅपटॉपला लावली की दिसते. कॅमेरा दुरुस्तीला, एक्स्चेंजला किंवा भंगारात देण्याआधी कार्ड काढून घ्या.

राउटर

खातं साफ करूनही मान हलली, तर आता राउटर. 'यूपीएनपी' नावाचं एक सेटिंग असतं. ते चालू असलं की घरातलं कुठलंही उपकरण राउटरला परस्पर सांगू शकतं, माझ्यासाठी बाहेरचं दार उघड. जुने कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारे डबे) ते बिनदिक्कत सांगतात. बंद करा, 'पोर्ट फॉरवर्डिंग'च्या, म्हणजे बाहेरून आत यायला उघड्या ठेवलेल्या दारांच्या, यादीत काही असेल तर काढा, राउटरचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड बदला.

आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडमध्ये हे दार मुळातच बंद असतं, कारण एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. ओळखायचं कसं? राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरचा पत्ता, बघा. १०० नं सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुम्ही वाटणीतले. मग त्या पत्त्यावरून सरळ आत शिरणं जवळजवळ अशक्य, आणि संशय पुन्हा खात्यावरच येतो. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) चालू असेल तर मात्र त्याची फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी भिंत, चालू आहे ना, ते वेगळं बघा.

जमलं तर कॅमेरा, टीव्ही, स्मार्ट प्लग ही मंडळी गेस्ट वायफायवर ठेवा. तुमचा मोबाइल त्याच वायफायवर असायची गरज नसते, चित्र इंटरनेटवरूनही येतं. त्यामुळं लॅपटॉप आणि बँकेचे व्यवहार एका खोलीत, कॅमेरा व्हरांड्यात, असं होतं.

'रीस्टार्ट केलं की बरं होतं, मग पुन्हा सुरू' अशी तक्रार असेल तर २०१६चं मिराई नावाचं घातक सॉफ्टवेअर आठवा. कॅमेरे आणि डीव्हीआरवर कंपनीनं दिलेले साठेक नाव-पासवर्ड एकामागून एक लावून बघायचं आणि आत शिरायचं, एवढंच त्याचं कसब. अशी जमवलेली फौज २१ ऑक्टोबर २०१६ला साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर सोडली तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास अडल्या होत्या. मिराई फक्त मेमरीत राहायचं, रीस्टार्टला पुसलं जायचं, आणि पासवर्ड तोच असल्यानं थोड्याच वेळात परत यायचं. रोग तोच, औषध तेच: आधी पासवर्ड बदला, मग रीस्टार्ट करा.

आणि हे लांबचं वाटत असेल तर राजकोटचं प्रकरण बघा. फेब्रुवारी २०२५मध्ये तिथल्या एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणीचे व्हिडिओ यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला निघाले. कॅमेऱ्याचा पासवर्ड 'ॲडमिन१२३' असा होता. गुजरात पोलिसांनी पकडलेल्यांत महाराष्ट्रातलेही होते.

जे तुमच्या हातात नाही

सगळं नीट करूनही कंपनीच्या टोकाला जे होतं त्यावर सेटिंग नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये वायझ या अमेरिकी कॅमेरा कंपनीच्या सुमारे १३ हजार ग्राहकांना दुसऱ्यांच्या घरातली छोटी चित्रं दिसली, दीड हजारांवर लोकांनी ती दाबूनही पाहिली. तिथं कुणी हॅक केलं नव्हतं, सर्व्हर बंद पडून चालू होताना गल्लत झाली. रिंग या तिथल्याच कॅमेरा कंपनीचं तर त्याहून वाईट: तिच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या बेडरूम-बाथरूममधलं चित्रण पाहिल्याचा आरोप तिथल्या सरकारी आयोगानं २०२३मध्ये केला आणि कंपनीनं ५८ लाख डॉलर देऊन तडजोड केली. म्हणून माझा नियम: जिथं कपडे बदलले जातात तिथं कॅमेरा नाही, कितीही नामांकित असो.

भारतात एप्रिल २०२५पासून नव्या सीसीटीव्हींना सुरक्षेच्या चाचण्या देऊन बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी घ्यावी लागते. नवा घेताना ते विचारा. माळ्यावरून काढलेल्या जुन्याला याचा काही उपयोग नाही.

स्पीकर आणि टीव्हीबद्दल थोडक्यात. ॲमेझॉनच्या ॲलेक्सा ॲपमध्ये आवाजाचा इतिहास बघता आणि पुसता येतो, काही काळानं आपोआप पुसायलाही सांगता येतो. पण रेकॉर्डिंग ॲमेझॉनकडं पाठवूच नका, असं सांगायचा जो पर्याय काही इको स्पीकरवर होता तो २८ मार्च २०२५ला बंद झाला. आता वरचं माइकचं बटण दाबून लाल दिवा दिसला तरच खात्री. टीव्हीवर काय बघता याची नोंद टीव्हीच कंपनीकडं पाठवतो. सॅमसंगमध्ये ते 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' आणि एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' नावाखाली असतं, दोन्ही बंद करता येतात.

कुणी खरंच पाहिलं असेल तर

स्क्रीनशॉट, तारखा, कॅमेऱ्याचं बिल घेऊन राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा सायबर पोलिसांत तक्रार करा, १९३० हा क्रमांक आहे. एखाद्याच्या खासगी अवयवांचं चित्रण त्याच्या संमतीविना घेणं किंवा पसरवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्त्रीच्या खासगी क्षणांचं चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालीही येतं. आम्ही तक्रार केली नाही. आईला ते नको होतं, आणि माझ्याकडं 'हात लागला असेल'च्या पुढं काही नव्हतं. पण त्या यादीतल्या ज्या दोन घरांना आई ओळखत होती त्यांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं.

आता चार महिने झाले, गणपतीवरून मान हललेली नाही. सगळं झाल्यावर मी तात्यांना सदस्यांचं पान दाखवलं होतं.

"आता कोण बघतं मग?"

"मीच फक्त. आणि आई."

"मग पंचा राहू दे," म्हणाले.

मी ॲपमध्ये रात्री दहा ते सहा 'प्रायव्हसी मोड' लावला, त्यात लेन्स आत वळते. ते त्यांना पटलं नाही. वळवणारा मोबाइल माझ्याकडंच होता ना. शेवटी उशाशी बिनतारी बेलचं बटण आणि आत आईपाशी घंटा असं ठरलं, तीनेकशे रुपयांत झालं. रात्री दहाला तात्या स्वतः कॅमेऱ्याच्या वायरची पिन काढतात आणि उशीखाली ठेवतात. सकाळी चहाआधी लावतात. लावली की तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गर्रकन फिरतो, तेवढा वेळ ते त्याच्यासमोर उभे राहून बघतात.